अर्ध्या वाक्याचा साडू

माझ्या साडूइतक्या थोडक्या सामग्रीवर माणसाला जळवणारा दुसरा कोणी अख्ख्या बारामती-इंदापुरात नसेल. हा गडी कोणाचंच वाक्य पुरं ऐकत नाही. तुम्ही नुसतं "काल भिगवणला गेलो, तर तिथं..." म्हणा, हा म्हणणार, "मासळी संपलेली." आणि ती खरंच संपलेली असते, हीच तर आग! कालवणाचा एक घास घेऊन सासूबाईंना अख्खा मसाला म्हणून दाखवतो. नोकरीही तसलीच. त्याचा कॅमेरा झाडाच्या पानाचा एकच फोटो काढतो, सगळे रंग एकमेकांत कालवलेला, चक्क बिघडल्यासारखा. मग गणितानं हा त्यातून शंभरावर रंग सुटे करतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारेसुद्धा. रोग म्हणे तिथं आधी दिसतो.

आता कऱ्हाटीच्या आमच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, डाळिंबांना काय झालंय, हे वीस वर्षं मी सांगत आलो. मी कृषी सहायक. बागेत शिरलो की आबा माझ्या मागं मागं यायचे. कॅमेरा आला आणि आबा साडूच्या मागं गेले. जळलो मी, सरळ सांगतो.

गेल्या बहाराला लॅपटॉपवर कडेच्या चार ओळी लालभडक उमटल्या. "तेल्या रोग," साडू म्हणाला. आबांनी कात्री मागवली. "छाटूनच टाकू. यंत्र खोटं बोलत न्हाय." फळं लगडलेली झाडं ती! मी एक पान अंगठ्यानं चोळलं. निळसर भुकटी लागली.

"आबा, ह्या ओळींवर बोर्डोचा फवारा मारलाय?"

"व्हय की, कालच. पंप हितंच रिकामा झाला."

झालं, म्हटलं आता पडलं साडूचं तोंड. तर पठ्ठ्या टाळ्या पिटतोय! "दादा, बोर्डोचं पान माझ्या गणितानं कधी पाहिलंच नव्हतं. ठाऊक नव्हतं तिथं त्यानं रोग भरला. आता तुम्ही हात लावाल ते प्रत्येक पान त्याला दाखवणार." मग तीन दिवस तो वही घेऊन माझ्या मागं आणि आबा त्याच्या मागं. माणूस धड जळूसुद्धा देत नाही हो!

दिवाळीनंतर तो दोन वर्षांसाठी परदेशी गेला. आबा पुन्हा माझ्यामागं येतात. परवा जेवताना मी म्हणालो, "आबा, पान उलटून बघितलं, तर खाली..." आणि सवयीनं थांबलो.

आबाही हातात घास धरून थांबले. जरा वेळानं हळूच म्हणाले, "फुडं?"

पुढचं मलाच बोलावं लागलं.