दिडकीवर मोजलेलं एरंडेल

"चौदा दिडकी एकवीस" म्हणेपर्यंत पेला रिकामा झाला. मी तो खाली ठेवला आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "भेसळ आहे."

समोर खडवलीचा धोंडू तेली उभा होता. त्याचे एरंडेलाचे आठ बुधले परत गेले की ठेका जाणार, आणि भेसळ्या हे नाव कल्याणच्या बाजारात कायमचं चिकटणार, हे मला ठाऊक होतं.

मी तेव्हा कल्याणच्या लोको शेडमध्ये ऑइल क्लार्क होतो. आगगाडीच्या डब्याची चाकं ज्या आसावर फिरतात, तिथे वंगणाला एरंडेल लागे. ते पातळ निघालं तर गळून जातं, आस तापतो, घाटात धूर निघतो. म्हणून आधी दाटपणा तपासायचा. शेडचे गोरे साहेब त्याला व्हिस्कॉसिटी म्हणत. माझी रीत अशी: बुडाला भोक असलेला पितळी पेला भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि दिडकीचा, म्हणजे दीडपटीचा, पाढा सुरू करायचा. घड्याळ साहेबांकडे होतं, पाढे माझ्याकडे. चाळीस दिडकी साठपर्यंत धार टिकली, की तेल पास.

ही तपासणी नेहमी सकाळी सातला व्हायची. त्या दिवशी वाटेत धोंडूच्या बैलगाडीचा आसच धरला. तेल्याच्या गाडीला वंगण नाही, म्हणून शेड पोट धरून हसली. तो पोचला भर दुपारी. बुधले उन्हात तापलेले, वर शेडचा पत्रा.

धोंडू भांडला नाही. उद्या सकाळपर्यंतची मुदत मागितली. मी ती उपकार केल्यासारखी दिली.

दुसऱ्या दिवशी पौषातली थंडी. माझे दात वाजत होते, त्यामुळे पाढाही पळत होता. पन्नास दिडकी पंचाहत्तर झालं, तरी धार चालूच. साहेब खूश. मी दिलेल्या एका दमाने तेल सुधारलं म्हणून माझी पाठ थोपटली.

धोंडू हळूच म्हणाला, "रावसाहेब, कालचंच त्याल हाय. रातभर गारव्यात ठिवलं व्हतं, दुसरं काय नाय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साहेबांना मराठी येत नव्हतं.

"व्हॉट डझ ही से?"

मी म्हणालो, "ही इज थँकिंग यू, सर."

धोंडूला इंग्रजी येत नव्हतं. मी त्याची बाजू मांडली असं समजून त्याने मला वाकून नमस्कार केला.

रजिस्टरमधला भेसळीचा शेरा मी खोडला नाही. त्या शेऱ्यावरून पुढच्या साली धोंडूचा ठेका गेला आणि मला बढती मिळाली. तरी दर दिवाळीला अभ्यंगाचं तेल तो आठवणीने पाठवी. मी ते अंगाला लावी.

हाताखालच्या कारकुनांना मी एवढंच शिकवत आलो, की तेल सकाळीच तपासा. ते कारण विचारत. मी आजवर सांगितलं नव्हतं.