बसून मोजलेले बावीस इंच

चैत्र अमावस्या, दुपारचे सव्वाबारा. धुळ्यातल्या एका शोरूमचा कॅश काउंटर. रक्कम आठ लाख अडुसष्ट हजार आठशे. हजर मी, माझी पत्नी, गाडी विकणाऱ्या मॅडम आणि पावती देणारा रोखपाल. दुसरे एकही गिऱ्हाईक नव्हते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर होती आणि त्या मुहूर्तासाठी बाहेर एकोणीस गाड्या लाल फिती बांधून रांगेत उभ्या होत्या. फीत नसलेली गाडी एकच, ती आमची.

आनंद व्हायला हवा होता. पण मला आधी खुर्ची हवी होती.

आम्ही एरंडोलला राहतो. जळगाव एका बाजूला, धुळे दुसऱ्या बाजूला, त्यामुळे तीन महिन्यांत जळगावच्या चार आणि धुळ्याच्या पाच फेऱ्या झाल्या. सगळ्या एस.टी.ने आणि शेवटच्या चार तर भर उन्हात. लहान एसयूव्ही घ्यायची, नवी घ्यायची, कर्ज न काढता घ्यायची, आणि मुख्य म्हणजे तिची सीट जमिनीपासून बावीस इंचांवर हवी, एवढ्या माझ्या अटी. खिशात मेजरिंग टेप असायची.

जळगावच्या शोरूममधला तरुण सेल्समन पहिल्या दिवशी हसला होता.

"काका, लोक अ‍ॅव्हरेज विचारतात."

"मी सीटची उंची विचारतोय."

"बरं, हे सनरूफ तरी बघा."

"बंद करता येतं?"

"येतं ना."

"मग बंदच आहे असं धरा. किती कमी होतील?"

ही टेपची गोष्ट ऑफिसातही पसरली. "भाऊसाहेब गाडी घेताहेत की खाट?" असे लेखा विभागातल्या एकाने सर्वांसमोर विचारले. चूक नव्हते त्याचे. माप खाटेचेच होते. अक्काच्या खाटेचे.

अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिचे सासर नरडाण्याजवळच्या एका खेड्यात. आई गेल्यापासून आखाजीला तिला माहेरी आणायचे काम माझे. तीन वर्षांपूर्वी ओट्यावरून पडून तिचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, ती काठीने चालू लागली, पण एस.टी.च्या पायऱ्या तिला चढवेनात. तपासणीसाठी एकदा साधी कार भाड्याने केली होती. तिच्या खोलगट सीटमधून अक्काला दोघांनी ओढून बाहेर काढावे लागले. घरातल्या बावीस इंची खाटेवर मात्र ती कोणाच्या मदतीशिवाय बसते-उठते. भाच्याची जीप दारात असते, पण ती फार उंच. भाचा म्हणाला, "उचलून बसवतो." त्यावर अक्का म्हणाली, "मी काय पोतं शे का?" आणि आत निघून गेली.

अशा तीन आखाज्या गेल्या. पहिल्या दोन वर्षी तिचा फोन यायचा, "कवय येस भाऊ?" कधी येतोस म्हणून. तिसऱ्या वर्षी तिने विचारले नाही. यंदा संक्रांतीला मी फोन केला तेव्हा म्हणाली, आता माहेर नको, तुम्हीच इकडे येऊन जा. ते ऐकून मी गाडी शोधायला लागलो. ती नाही आली तर पुढच्या वर्षी तिला कोणी विचारणारही नाही, हे मला दिसत होते.

तर गाडीचे भाव. जळगावचा सगळ्या खर्चासह आकडा नऊ लाख अठरा हजार. त्यात एक पै कमी होईना. धुळ्याचा नऊ लाख साडेचार हजार. मी धुळ्याचा कागद घरी आणून ओळीओळीने वाचला. अ‍ॅक्सेसरीजचे साडेअकरा हजार लावले होते. त्यात मॅट, सीट कव्हर आणि सुगंधाची बाटली. ते काढायला लावले. विमा बाहेरून सहा हजार दोनशेने स्वस्त मिळत होता, तो धरला. आठ लाख शहाऐंशी हजार आठशेवर गाडी येऊन थांबली आणि तिथेच दोन आठवडे बसली.

पाचव्या फेरीला मॅडम कंटाळून म्हणाल्या, "सर, खरं सांगू? आखाजीपर्यंत कोणी कमी करणार नाही. मुहूर्ताचं गिऱ्हाईक भाव करत नाही. एक गाडी आहे, गेल्या डिसेंबरची. तिला अठरा हजार सोडायला सांगते साहेबांना. पण अमावस्येला न्यावी लागेल. त्या दिवशी आमचा हॉल रिकामा असतो."

"चालेल."

"घरी विचारा आधी."

घरी विचारले. पत्नीने आधी कॅलेंडर पाहिले. मग म्हणाली, "अठरा हजारांत अमावस्या घेताय. माझं सोडा. अक्का बसणार आहेत का त्या गाडीत?"

हा मुद्दा माझ्या कागदावर नव्हता. अक्का अमावस्येला नवी केरसुणीही घरात आणू देत नाही. पण मी हट्टाला पेटलो होतो. जळगावपेक्षा एकोणपन्नास हजार दोनशे कमी, हा आकडा मला सोडवेना.

पावती घेतली आणि मॅडमनी दिलेला नारळ तिथेच चाकापुढे फोडला. मग धुळ्याहून सरळ अक्काकडे गेलो. ऊन असे की स्टिअरिंगला हात लावताना रुमाल घ्यावा लागला. पत्नी सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत होती.

न्यायला येतो असे फोनवर सांगितले होते, त्यामुळे अक्का नेसून, पिशवी भरून ओट्यावर बसली होती. दोन गोधड्या, शेवयांचा डबा, औषधांची डबी. गाडीकडे पाहून म्हणाली, "आज अमावस्या शे ना?"

"शे," मी म्हणालो. खोटे बोलायचे त्राण नव्हते.

"मंग? खुबाले काय माहीत आज अमावस्या शे?"

पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी दार उघडले.

अक्का पाठमोरी झाली, काठी टेकली, आणि बसता येईना. पुन्हा प्रयत्न केला. कंबर सीटच्या कडेला लागून खालीच राहिली. मी टेप काढून मोजले. पंचवीस इंच. शोरूममध्ये बावीस भरले होते. तेव्हा सीटवर मी बसलो होतो आणि मोजले पत्नीने. माझे वजन अठ्ठ्याहत्तर किलो. माझ्याखाली सीट दबली होती, आणि पंचेचाळीस किलोच्या अक्काखाली ती कशाला दबेल? सत्तावीस वर्षे मी लोकांच्या हिशेबातल्या चुका काढतो आहे.

मी तसाच टेप धरून उभा राहिलो. अक्का घामाघूम झाली होती. तिने पिशवी पुन्हा ओट्यावर ठेवली.

पत्नीने दोन विटा आणून ठेवल्या. त्या हलल्या, अक्काने पाय मागे घेतला. "पाट आणा घरातला," पत्नी म्हणाली. घरात पाट एकच, देवाचा, आणि त्यावर पाय ठेवायला अक्का तयार नव्हती. भाचा समोरच्या गल्लीत सुताराकडे गेला. सुताराने बाभळीच्या फळीचे तुकडे कापून तासाभरात बैठा, रुंद पाट ठोकून आणला. स्वतः त्यावर उभे राहून दोनदा उड्या मारून दाखवल्या.

अक्काने पाटावर एक पाय ठेवला, मग दुसरा, मागे वळली आणि बसली. कोणी हात लावला नाही. तिने पाय आत घेतले आणि पदर सारखा केला. मग दारातल्या जीपकडे पाहून मुलाला म्हणाली, "तीन वरीस जीप उभी शे आठे. तव्हय कोन्हा डोकामा पाट नही उना?"

पाट तेव्हाच कोणालाही सुचला नव्हता. भाचा खाली बघत होता. मीही.

"काय तोंड पाडताय," पत्नी मला हळूच म्हणाली, "अक्का बसल्यात ना."

सुताराने अडीचशे मागितले. फळी जुनी होती, खिळे सहा. दीडशेत झाले असते. पत्नी वाट पाहत होती मी काय बोलतो त्याची. शोरूमला आठ लाख अडुसष्ट हजार आठशे दिले होते. सुताराला अडीचशे दिले.