लोड न टाकलेली बॅटरी

चाकणच्या एका कंपनीत आम्हा दोघा भावांनी एकाच चार्जिंग रूममध्ये बावीस वर्षं काढली. फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या तिथं रांगेनं मांडलेल्या असायच्या, एकेक गाभण म्हशीएवढी. दादा त्यांच्या अंगाला कान लावून उद्या कोणती बसणार ते सांगायचा. राजगुरुनगरच्या एका लग्नात मी हे सांगायला लागलो, तर जिलेबी येईपर्यंत माझ्या गोष्टीतला दादा बॅटरीची जन्मवेळही सांगत होता. दादा समोरच जेवत होता. त्यानं वाढप्याला खूण करून माझ्या पानात आणखी दोन जिलेब्या टाकायला लावल्या, तोंड बंद राहावं म्हणून.

काम त्यानंच शिकवलं. "बॅटरीत वीज भरलेली नसती," तो म्हणायचा. "शिशाच्या प्लेटा आन् ॲसिड. एकमेकांत मिसळायला आसुसल्यात. चार्जिंग म्हंजी त्यांना जबरदस्तीनं लांब बसवायचं. तार जोडली की परत जवळ धावत्यात, आन् त्या धावण्यावर आपली गाडी चालती."

बॅटरी म्हातारी झाली की प्लेटांवर पांढरा थर बसतो आणि धावायला जागाच उरत नाही. पण मीटरला ती तरणाताठा आकडा दाखवते. म्हणून रूमचा नियम असा: चार्ज करा, निवू द्या, लोड टाका, म्हणजे तिच्यावर काहीतरी चालवा, मगच आकडा बघा.

रिटायर झाल्यावर दादाची फुप्फुसं गेली. सांगवीच्या फ्लॅटमध्ये तो दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनला नळी जोडून बसायचा. एका बुधवारी मोबाईलवर मेसेज आला: गुरुवारी दहा ते दोन लाईट नाही. दादानं मला बोलावून घेतलं. मी चार्जिंग बंद केलं आणि लगेच इन्व्हर्टरच्या बॅटरीला मीटर लावला. आकडा झकास.

"लोड टाकून बघितलंस?"

"व्हय," मी म्हणालो. चहा गार होत होता, एवढंच कारण. आयुष्यभर डोंगराएवढ्या थापा मारल्या, कुणाचं नखही दुखलं नाही. ही एका शब्दाची होती.

वहिनीनं विचारलं, "भाऊजी, मग उद्या तुम्ही इथं हाय तवर ऑक्सिजनचा रिकामा सिलिंडर भरून आणू का? एरवी यांना सोडून जाता येत न्हाई."

"बिनघोर जावा. ही बॅटरी अख्खी भोसरी चालवंल."

गुरुवारी वहिनी रिक्षात सिलिंडर घालून दापोडीला गेली. दहाला लाईट गेली. अकरा मिनिटांत इन्व्हर्टर शिट्टी घालायला लागला.

"नखरे करतीय," मी म्हणालो.

दादा हसला नाही. "फॅन बंद कर."

त्यानं दोन मिनिटं मिळाली. मग मशीन बंद पडलं. मी वहिनीला फोन केला, ॲम्ब्युलन्सला केला. वहिनी नुकती दुकानातून निघाली होती. मी इन्व्हर्टर परत चालू करायला बटणाकडे धावलो, तर दादानं हात वर केला, थांब. दमलेली बॅटरी घटकाभर मोकळी सोडली की थोडी सावरते. तो बोटांवर मोजत राहिला. ओठ निळे पडत होते. मग खूण केली, लाव. दीड मिनिट चाललं. परत थांब. परत लाव, मिनिटभर. बॅटरीला दम खाऊ द्यायला तो स्वतः बिनदमाचा बसला होता. मी बडबडत होतो, वहिनी पुलावर आली असेल, आता वळली असेल. त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. हात गार होता.

वहिनी आली तेव्हा त्याची मान कलली होती. सिलिंडर लावला, तसे त्यानं डोळे उघडले.

दवाखान्यात वहिनी माझ्याकडे वळली. "काल तर तुम्ही बघितली होती बॅटरी."

दादानं मास्क बाजूला सारला. "त्याचा... दोष न्हाई." मधे तीन श्वास गेले. "जुनी... झालती ती."

तेवढ्या बोलण्यानं त्याला घाम फुटला. मी मास्क परत लावला. तो माझ्याकडेच बघत होता. त्याला सगळं कळलेलं होतं.

चौथ्या दिवशी तो गेला. वहिनी पाहुण्यांना अजून तसंच सांगते, बॅटरी जुनी झाली होती म्हणून. मी शेजारी बसलेलो असतो आणि मान हलवतो.