घटनाकाका आणि मोदकांचा डबा

घटनाकाका चहासुद्धा कलम वाचावे तसा मागत. "साखर अर्धा चमचा, अपवाद फक्त सणाचा." रेल्वेत अभियंता म्हणून ते लखनौला आले, निवृत्तीनंतर विकास नगरातच राहिले आणि आमच्या मराठी मंडळाचे वर्षानुवर्षे अध्यक्ष होते. आरतीचे तबक प्रथम अध्यक्षांनी धरायचे, ही मंडळाची प्रथा. त्या मानावर काकांचा जीव होता आणि ते त्यांनी कधी लपवले नाही.

गणेशोत्सवात आरतीपूर्वी त्यांचे व्याख्यान असे. विषय बहुधा एकच : घटनेने बांधलेला राजा आणि घटनेनुसार चालणारी लोकशाही. "कायदा दोन्हीकडे मोठा. कारभारही दोन्हीकडे निवडलेल्यांचाच. मग फरक कुठे? सर्वांत वरच्या खुर्चीत. एकीकडे ती जन्माने मिळते, दुसरीकडे मताने. राजा कितीही भला असो, 'आता उठा' असं त्याला मतपेटीतून सांगता येत नाही." तोवर मोदक गार झालेले असत.

गणपती बसायच्या सकाळी मंडळाची सभा होई. एका वर्षी आम्ही नेहमीप्रमाणे हात वर करून काकांना पुन्हा अध्यक्ष केले. काका सगळ्या हातांकडे पाहत राहिले.

"माझ्यासमोर बसून हात खाली कोण ठेवणार? तुम्ही मला राजाच करून टाकलंत."

शुभदा बँकेत नोकरीला, लखनौतच वाढलेली. ती म्हणाली, "काका, आप ही रहिए न! आपके रहते चुनाव किसलिए?"

"म्हणूनच. तू उभी राहा माझ्याविरुद्ध."

मोदकांचा रिकामा डबा मतपेटी झाला. मतदान गुप्त होते. शुभदा निवडून आली.

संध्याकाळी आरतीला काकांचा हात सवयीने तबकाकडे गेला. शुभदा चटकन मागे सरली. "काका, आज तो आप ही कीजिए."

"नाही. नियम आहे." त्यांनी हात मागे घेतला आणि माझ्या शेजारी रांगेत येऊन उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्यावर हळूच मला म्हणाले, "सर, इतकं मनाला लागेल असं वाटलं नव्हतं हं."

पुढे ते मुलीकडे नागपूरला गेले आणि तिथेच वारले.

यंदा शुभदाविरुद्ध कोणीच उभे नव्हते. तरी तिने डबा मांडला आणि 'हवी', 'नको' अशा चिठ्ठ्या वाटल्या.

"एकच उमेदवार, मग मतदान कशाला?" मी विचारले.

"सर, उठा म्हणायला जागा नको का?" ती चक्क मराठीत म्हणाली.

डब्यातून एक 'नको' निघाली. ती तिने सर्वांना मोठ्याने वाचून दाखवली आणि मगच तबक उचलले.