ऊन पडेपर्यंत वरकुट्यात

दसरा होऊन गेला तरी बारामतीवरचं आभाळ काही हलेना. माझ्यासारख्या फ्रीलान्स फोटोग्राफरसाठी हे दिवस म्हणजे नुसती वाट बघणं. लग्नं सुरू होणार तुळशीच्या लग्नानंतर. तोवर सकाळी गच्चीवर जाऊन ढग बघायचे, खाली येऊन डब्यातल्या लेन्सना दमट हवेनं बुरशी तर लागली नाही ना ते तपासायचं आणि कुणाच्या तरी बारशाचे काळवंडलेले फोटो कॉम्प्युटरवर उजळ करत बसायचं. मी ज्या उन्हासाठी थांबते ते वर्षातून जेमतेम पंधरा-वीस दिवस मिळतं. पाऊस संपलेला असतो, हवेत धूळ नसते, ऊस हिरवागार असतो, आणि सकाळी सातच्या सुमाराला कोवळा उजेड माणसाच्या चेहऱ्यावर असा काही पडतो, की ज्याला त्याला वाटतं आपण बरे दिसतो.

अशातच वैशालीचा फोन आला. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, आता पुण्यात नर्स आहे. तिला आयर्लंडमध्ये एका हॉस्पिटलात नोकरी लागलीय आणि दिवाळी झाली की ती निघणार आहे.

"मला आई आणि तात्यांचा एक फोटो हवाय," ती म्हणाली. "आपल्या डाळिंबाच्या बागेत, लख्ख उन्हात. तिकडं म्हणे ऊन दिसतच नाही फारसं. तात्या माझ्याशी धड बोलत नाहीयेत गं. तू जा ना."

"आभाळ मोकळं झालं की जाते," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आभाळाच्या भरवशावर राहिले तर ही विमानात बसलेली असेल. दुसऱ्या दिवशी स्कूटरची टाकी भरली, कॅमेऱ्याच्या बॅगेवर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि तिच्या गावाला, वरकुट्याला निघाले.

बारामतीहून वालचंदनगरपर्यंत रमतगमत गेलं तरी सव्वा तास पुरतो. रस्ता चांगला आहे, पण गावांच्या तोंडाशी खड्ड्यांत पाणी साचलेलं असतं आणि त्यांची खोली कळत नाही, तेव्हा दुचाकीवाल्यांनी जपून. वालचंदनगरला थांबाच. कंपनीच्या जुन्या क्वार्टर्स, त्यांच्यावर वाकलेली मोठाली झाडं, पाळीला निघालेल्या सायकली. तिथं टपरीवर गरम भजी आणि चहा घेतला. शेजारचा एक कामगार माझी बॅग बघून म्हणाला, "पक्ष्यांचे फोटो काढायला निघालात का ताई? लवकर आलात. ते थंडीत येतात."

"नाही, माणसांचे," मी म्हटलं.

"मग बरंय. माणसं हायेत अजून."

दुपारी वरकुट्याला पोहोचले. वैशालीचे वडील, म्हणजे तात्या, बागेतच होते. सत्तरीचा उंच, वाळका माणूस. एकेक डाळिंब तळहातावर तोलून उलटंपालटं करून बघत होते. फळांनी नुकती लाली धरली होती. मी नाव सांगितलं, कशाला आले तेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता आभाळाकडे बघितलं.

"ढग हायेत. आज न्हाय जमायचं."

इतकं बोलून पुढच्या झाडाकडे गेले. वैशालीच्या आईनं, काकूंनी मात्र हाताला धरून घरात नेलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गवारीची भाजी वाढली. माझी सोय वैशालीच्याच खोलीत केली. "त्यांचं मनाला लावून घिऊ नगंस," काकू म्हणाल्या. "पोरगी जाणार म्हणल्यापासनं झाडासंगं बोलत्यात, माणसासंगं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर तात्या अंगणात हजर. चेहरा कालच्यापेक्षा खुललेला. "आजबी ढग हायेत," ते म्हणाले. "तू असं कर, भिगवणला जाऊन ये. मासं खा. हितं बसून काय करणार?"

मीही गेले. हायवेवरून तासाभराचा रस्ता, ट्रक फार, कडेनं चालवा. यंदा उजनी धरणाचं पाणी काठोकाठ होतं, आभाळाच्याच करड्या रंगाचं, त्यामुळे पाणी कुठं संपतं ते कळत नव्हतं. खानावळीत चिलापी फ्राय, रस्सा आणि भाकरी असं ताट घेतलं. रस्सा झणझणीत असतो, दही मागून घ्या. पोट तुडुंब भरलं, पण कॅमेरा बॅगेतून बाहेर काढावासा वाटला नाही. डोक्यात तात्यांचा तो खुललेला चेहरा होता.

संध्याकाळी परत आले तर ते बागेच्या बांधावर बसले होते. मी शेजारी टेकले.

"तात्या, ढग राहिले तर तुम्हाला बरं वाटतं का हो?"

 त्यांनी जवळचं एक डाळिंब दाखवलं. त्यावर तेलाचा थेंब पडल्यासारखा काळपट डाग होता.

"ह्यो तेल्या रोग. ढगाळ हवेत पसरतो. आजून दोन-चार दिवस असंच ऱ्हायलं तर निम्मी बाग जायाची. बागंला ऊन पायजे," ते म्हणाले, "आन् मला नगं. ऊन पडलं की तू फोटू काढणार. फोटू निघाला की तिची तयारी झाली म्हणायची."

 "वैशाली रोज विचारते तुम्ही जेवलात का," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि बूट झटकून उठले.

तिसऱ्या दिवशी जाग आली तीच डोळ्यांवर उजेड आल्यामुळे. बाहेर धावले. आभाळ धुतल्यासारखं निळं, पानापानावर पाणी चमकतंय, डाळिंबं आतून पेटल्यासारखी लाल. ज्यासाठी महिनाभर गच्चीवर चढत होते ते ऊन समोर होतं. काकू हिरवी इरकल नेसून, पदर सावरून तयार होत्या.

आणि तात्या नव्हते.

मोटरसायकलही नव्हती. फोन लावला तर तो घरातच फळीवर वाजला. सात वाजले, आठ वाजले. कोवळं ऊन चढत गेलं. काकू उंबऱ्यावर बसून होत्या. "पळून गेला म्हातारा," त्या म्हणाल्या. हसायला गेल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "पोरीचं एवढंबी करवंना." मी त्यांच्या एकटीचे चार फोटो काढले. सुंदर आले, पण वैशालीनं हे मागितलं नव्हतं.

साडेअकराला गाडीचा आवाज आला. तात्या उतरले. गुळगुळीत दाढी, नवा पांढरा सदरा, घडीच्या खुणा तशाच. मागच्या सीटवर दोरीनं करकचून बांधलेली भलीमोठी निळी बॅग, चाकांची.

"इंदापूरला गेलो हुतो," ते दोरी सोडत म्हणाले. "दुकानं धाच्या आत उघडत न्हाईत. मी आपला पायरीवर बसून." मग काकूंकडे न बघता, "तिकडं थंडी लई आसती म्हणं. कपडं लई लागतील. तिची बॅग बारकी हाय."

 काकूंनी पदरानं बॅगेवरची धूळ पुसली.

साडेअकराचं ऊन फोटोसाठी अगदी वाईट. डोळ्यांखाली सावल्या पडतात, माणसं डोळे बारीक करतात. "संध्याकाळी काढूया का, उजेड छान असेल," मी विचारलं.

"आताच काढ," तात्या म्हणाले. "संध्याकाळी माझं मन ऱ्हाईल न ऱ्हाईल."

डाळिंबांच्या दोन ओळींच्या मध्ये दोघं उभे राहिले. तात्यांनी बॅग उचलून दोघांच्या मधोमध ठेवली आणि तिच्या दांड्यावर हात ठेवला. काकूंनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. मी एकदाच बटण दाबलं.

जेवून निघाले, भिगवणमार्गे बारामती. घरी येऊन फोटो मोठा करून बघितला. सावल्या कडक, दोघांचे डोळे मिचमिचे, पांढरा सदरा उन्हानं नुसता पांढराफट्ट, घड्याही दिसेनात असा. एरवी असा फोटो मी कुणाला दिला नसता. पण गच्चीवर घालवलेल्या त्या सगळ्या सकाळी मला चांगल्या उजेडाचीच काळजी होती. समोरचं माणूस कधी तयार होईल याचा विचार मी केलाच नव्हता. या तीन दिवसांतून माझ्याकडे राहिलं ते हेच. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर हाताशी एक दिवस जास्त ठेवा.

फोटो जसा होता तसा वैशालीला पाठवला. मिनिटभरात तिचा फोन.

"मधे ती बॅग कुणाची गं?"

"तुझी. तात्यांनी आणलीय. सकाळी न सांगता इंदापूरला जाऊन."

 "थांब, मी त्यांना लावते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासानं मी तिला फोन केला, व्यस्त. तात्यांना केला, तोही व्यस्त. तासाभरानंही दोन्ही व्यस्तच होते.