वत्सलाकाकूंचा नाना

शोभाचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या घरी हेडफोन लावून एका मालिकेची मराठी सबटायटल्स लिहीत बसले होते. "मंजू, आई गेली गं," ती म्हणाली. "जेवली, जरा पडते म्हणाली, आणि... उठलीच नाही." मी काहीतरी बोलले असेन. समोर पडद्यावरचा माणूस हसत होता, आणि त्याला थांबवायचं मला बराच वेळ सुचलं नाही. त्या फोनला आता सहा आठवडे झाले.

शोभाची आई म्हणजे आमच्या वत्सलाकाकू. आंबिवलीला आमच्या बैठ्या चाळीत शेवटची खोली त्यांची. काका आखातात नोकरीला होते. एका सुट्टीत ते व्हीसीआर आणि खोकंभर कॅसेटी घेऊन आले, आणि त्यात निघाली एक इंग्रजी कार्टून मालिका. तेव्हाही ती जुनीच होती. राखाडी झगा घालून उडणारा एक वीर, दीपगृह राखणाऱ्या म्हाताऱ्याचा मुलगा. त्याचं इंग्रजी नाव कुणालाच नीट म्हणता येईना, म्हणून काकूंनी त्याचं नाव ठेवलं नाना. रविवारी दुपारी चाळीतली आम्ही दहा-बारा मुलं त्यांच्या खोलीत फरशीवर बसायचो. पडदे ओढलेले, पंख्याची घरघर, आणि जांभळ्या आकाशातून संथपणे जाणारा नाना...

त्या मालिकेत काय होतं, असं आज कुणी विचारलं तर नेमकं सांगता येत नाही. मारामारी होती, पण ती लवकर संपायची. मग नाना एखाद्या गच्चीवर एकटाच बसून राहायचा. खाली अख्खं शहर दिवे लावत असायचं आणि त्याला घरी जायची घाई नसायची. चित्रांना पाण्यात भिजल्यासारखे रंग होते. आमची कॅसेट इतकी झिजलेली, की नानाच्या शहरावर सदा पांढऱ्या रेघांची भुरभुर चालायची. ती मालिकेतलीच आहे अशी माझी समजूत होती. आणि या सगळ्यावर काकूंचा आवाज. त्या सातवी शिकलेल्या, मालवणकडच्या. टीव्हीचा आवाज बारीक करून त्या प्रत्येकाचं बोलणं आम्हाला मराठीत सांगायच्या. नाना खाली मान घालून बोलायचा, खलनायक नाकात. त्या सांगतात तेच पडद्यावर चाललंय, याबद्दल आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती.

मी नऊ वर्षांची असताना अशाच एका रविवारी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आई म्हणाली, "मंजू, पळ, डॉक्टरांना घेऊन ये." मी पळाले. वाटेत काकूंची खिडकी होती, पडदा जरा सरकलेला. आत निळा उजेड हलत होता, नाना पुलाच्या कठड्यावर उभा होता... मी थांबले. मिनिटभर असेल, पाच मिनिटं असतील. आजही सांगता येत नाही. मग भानावर येऊन पळत सुटले. डॉक्टर आले तेव्हा बाबा गेले होते.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगायला नको म्हणून बोलणंच सोडलं. आईला वाटलं, पोरीनं धसका घेतला. काकूंच्या खोलीकडे तर मी फिरकतही नव्हते. दीड महिन्यानंतर एका रविवारी त्या स्वतः आल्या, हात धरून मला घेऊन गेल्या. खोलीत त्या दिवशी दुसरं कुणीच नव्हतं. त्यांनी कॅसेट लावली. त्या भागात नानाच्या वडिलांची होडी वादळात सापडते. नाना सगळं आकाश कापत येतो, पण पोचतो तेव्हा होडी नसते. नुसतं पाणी. तो पाण्यावर तरंगत राहतो आणि काहीतरी म्हणतो. "नाना म्हणतोय, बाबा, मला उशीर झाला," काकूंनी सांगितलं. मग लाटा आल्या, आणि लाटांवर काकू जाड, थकलेल्या आवाजात बोलल्या, "नाही रे बाळा. तुला उशीर झाला नाही. मीच लवकर निघालो."

मी त्यांच्या मांडीत डोकं खुपसून रडले. संध्याकाळी घरी गेले आणि आईकडे जेवायला मागितलं.

पुढे मी भाषांतराच्या कामाला लागले, ठाण्याला आले. काही वर्षांपूर्वी त्या मालिकेचा डीव्हीडी संच मिळाला. चित्र स्वच्छ, भुरभुर गेलेली. तो भाग लावला आणि खाली इंग्रजी अक्षरं उमटू लागली. नाना म्हणाला, मला उशीर झाला. त्यानंतर लाटा... आणि अक्षरं थांबली. कुणी काही बोललंच नाही. मी तीनदा मागे नेऊन पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी आंबिवलीला गेले. काकू मेथी निवडत होत्या.

"काकू, नानाचे वडील काहीच बोलत नाहीत."

"नाही बोलत?" त्यांनी मान वर केली नाही. "मला कुठे इंग्रजी येतं? पण तू दीड महिना गप्प होतीस. कुणीतरी बोलायला नको?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मी खिडकीत थांबलेले ते?"

त्यांचे हात थांबले. "अगं, तू आपणहून कुठे थांबलेलीस? मीच हात केलेला तुला. ये, बस म्हणून. तू कशाला पळतेयस ते मला काय ठाऊक..." जुडी बाजूला ठेवून त्यांनी दाराबाहेर पाहिलं. मला तो हात आठवत नव्हता. आजही आठवत नाही. पण त्या रविवारी रिकाम्या खोलीत ते वाक्य आम्हा दोघींसाठी बोललं गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांच्याजवळ बसले आणि आम्ही उरलेली मेथी निवडली.

काकूंच्या तेराव्याहून परतल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आई आता माझ्याकडेच असते, कमी ऐकू येतं तिला. ती खाटेवर बसून माझ्या ओठांकडे बघत ऐकत होती. खिडकी, निळा उजेड, काकूंचा हात, लाटा. मी थांबले तेव्हा तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "इतकी वर्षं एकटीच घेऊन बसलीस? मला नाही सांगितलंस?" मग म्हणाली, "लाव ती सीडी. मला बघू दे."

भर दुपार होती. मी पडदे ओढले. आई चष्मा पुसून नीट टेकून बसली. होडी गेली, नाना आला, बोलला, आणि पडदाभर पाणी पसरलं. राखाडी, जांभळं, संथ.

"आता काय होतं?" तिनं विचारलं.

"काही नाही, आई. समुद्रच आहे."

"असू दे," आई म्हणाली. "बंद करू नकोस."