तिन्ही गाड्यांचा एकच दोष

पांढुर्ण्यात कोणाला गाडी घ्यायची असली की शोरूममध्ये जायच्या आधी माणूस देवीदासकडे जातो. ही काही कोणी घालून दिलेली रीत नाही, आपोआप पडलेली आहे, आणि अशाच रीती जास्त टिकतात. देवीदास गाडीत बसतो, चपला काढून सीटखाली सरकवतो, अनवाणी पाय पेडलवर टेकवतो आणि सौसरच्या रस्त्याने एक चक्कर मारून येतो. उतरला की सांगतो, घ्या किंवा नका घेऊ. कारण विचारलं तर म्हणतो, "गाडी तळपायानं आयकाव लागते, बाप्पा."

बोलणं फुशारकीचं खरं, पण त्याला ते शोभायचं. मिसरूड फुटायच्या आधी तो संत्र्यांच्या मेटॅडोरवर क्लीनर म्हणून चढला. त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी त्याची चप्पल खिडकीतून भिरकावून दिली होती, का तर रबराच्या आडून पेडल कळत नाही. तेव्हापासून मेटॅडोर, ट्रक, आणि मग रघुनाथरावांची जीप, सगळं त्याने अनवाणी चालवलं. रघुनाथराव संत्र्यांचे व्यापारी. झाडावरचा माल नुसत्या नजरेने जोखून अख्खा बगीचा विकत घेणारे. त्यांची नजर आणि देवीदासचा पाय, या दोन गोष्टी कधी चुकत नाहीत असं बाजारात म्हणत. देवीदासच्या चाकाखाली कोंबडीचं पिल्लूही कधी आलं नव्हतं.

त्या पायानेच दगा दिला.

पोळा झाल्यावर कधीतरी उजव्या तळपायाला मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्या गेल्या, आणि देवीदासला बरं वाटलं. मुंग्या गेल्या म्हणजे दुखणं गेलं, असं कोणालाही वाटेल. एके दिवशी तो बाजारातून भाजी घेऊन घरी आला, तर बायको, चंद्रकला, ओट्यावर बसल्या बसल्या त्याच्या पायांकडे बघत राहिली.

"आयकता का, एक चप्पल कुठी हाये तुमची?"

देवीदासने खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय उघडा, घोट्यापर्यंत धुळीने माखलेला. कुठे निसटली, किती वाट तो तसाच चालत आला, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

"तुटली होती. देली फेकून," तो म्हणाला आणि हसला.

आत जाऊन त्याने दार लोटलं आणि आगपेटीतली काडी तळपायात रुतवली. आणखी दाबली. काडी मोडली, पायाला पत्ता नाही. देवीदास खाटेवर बसला तो उठेचना. त्याला साखरेचा आजार होता, गोळ्या आठवतील तशा खायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पाय सांभाळा, रोज बघत जा. पाय काय नवरी आहे रोज बघायला, असं त्याने तेव्हा मित्रांना हसत सांगितलं होतं.

आता हसायला येत नव्हतं. गाडीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. गाडी सुटली तर लोकांनी त्याच्याकडे कशासाठी यावं? ही एक भीती. दुसरी तिच्याहून मोठी होती, की कधीतरी चाकाखाली कोणी येईल. दोघी त्याच्या छातीत सारख्या भांडायच्या आणि दर वेळी पहिलीच जिंकायची, कारण ती रोज भेटायची. दुसरी अजून भेटली नव्हती.

जीपवर निभून जात होतं. जुनी जीप, पेडल दगडासारखं घट्ट, मांडीच्या जोरावर दाबलं तरी चालायचं, आणि इंजिन इतकं बोंबलायचं की पाय किती आत गेला ते कानाला कळायचं. तळपायाने ऐकणारा देवीदास गुपचूप कानाने गाडी चालवायला लागला. कोणाला पत्ता लागला नाही. असंच चाललं असतं, पण रघुनाथरावांची लेक बाळंतपणाला माहेरी आली.

तृप्तीचं पहिलंच बाळंतपण, तेव्हा ते माहेरी होणार हे ठरलेलंच होतं. पण डॉक्टरीण नागपूरची, तपासायला सारखं नागपूर, आणि जीपमध्ये तर धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी होत. रघुनाथरावांनी फर्मान काढलं, "लांब डिकीची मोठी गाडी घ्याची. सेडान. आराम पायजे, ताकद पायजे, एव्हरेजबी पायजे, अन् उद्या विकाले काढली तं पडत्या भावात जाऊ नये. तीन पाहून ठेवल्या हायेत. तू चालव अन् सांग, देवीदास. माह्या लेकीले तूच नेशील नागपूरले."

"हो जी," देवीदास म्हणाला.

पहिली आली पांढरी, पेट्रोलची. शोरूमचा माणूस मागे बसला, रघुनाथराव पुढे. देवीदासने हलकेच पाय ठेवला, निदान त्याला तरी हलकेच वाटला, आणि गाडी अशी उसळली की रघुनाथरावांची टोपी मागच्या माणसाच्या मांडीवर जाऊन पडली. रघुनाथराव खूश झाले. "ताकद हाये हो पोरीत!" देवीदासच्या मानेवरून घामाचा ओघळ पाठीत उतरला. जीपचं पेडल लोखंडी, हे लोण्यासारखं. कान टवकारून, इंजिनाच्या सुरावर पाय वरखाली करत त्याने कसंबसं सौसर गाठलं. निघताना टाकी काठोकाठ भरली होती, परतल्यावर पुन्हा काठोकाठ भरली. हिशेब केला तर शोरूमवाल्याने सांगितलेल्या एव्हरेजच्या निम्मंही आलं नाही.

"असं होऊच शकत नाही," तो माणूस म्हणाला.

"बेवडी हाये गाडी," देवीदासने निकाल दिला. "पिते लई." सगळे हसले. पांढरी परत गेली.

दुसरी काळी, डिझेलची. अंगाने भारी, रस्त्याला चिकटून पळणारी, आतून दिवाणखाना. हिने डिझेल कमी प्यायला हवं होतं, पण तिचाही हिशेब तसाच फसला. सौसरच्या अलीकडे गतिरोधक आला, देवीदासने ब्रेक चेपला आणि गाडी जागच्या जागी ठप्प झाली. रघुनाथरावांचं कपाळ समोर आपटता आपटता वाचलं.

"ब्रेक बेकार," देवीदास म्हणाला. "जरासा पाय लावला जी मी."

शोरूमवाला वेगळा होता, जरा तोंडाळ. "नाचता येईना अंगण वाकडं," तो पुटपुटला. रघुनाथरावांनी त्याला तिथल्या तिथे झापलं, की हा माणूस तू जन्माला यायच्या आधीपासून गाड्या चालवून राहिला. देवीदास खाली बघत राहिला. ती म्हण त्याच्या जिव्हारी लागली होती, कारण दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत एकच खोड असत नाही, एवढं त्याला समजत होतं. त्याने दोन निर्दोष गाड्या बदनाम केल्या होत्या. घरी आल्यावर त्याने भाकरीचं ताट तसंच बाजूला सरकवलं.

"काय होऊन राहिलं तुमाले? ताप हाये का?" चंद्रकलाने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. तिसरी गाडी झाली की सांगू, असं त्याने स्वतःला बजावलं. भित्रा माणूस नेहमी पुढच्या खेपेचा वायदा करतो.

तिसरी निळी होती, बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी. शोरूमवाला सांगत होता की एव्हरेजमध्ये हिच्या जवळपास कोणी नाही, ताकदही भरपूर, आणि दोन पैसे जास्त गेले तरी पुढे वसूल होतात. रघुनाथराव म्हणाले, जाता जाता लोधीखेड्याच्या बाजूचा एक बगीचाही जोखून घेऊ. आणि तृप्ती हट्टाला पेटली.

"मी बसूनच पायते बाबा. मलेच तं बसाचं हाये रोज."

देवीदासला नको म्हणायचं होतं. कारण काय सांगणार? तृप्ती ओढणी सावरत, पोट सांभाळत मागे शोरूमवाल्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तुमी असले की मले भेव नाही लागत, काका."

गाडी सुरू झाली म्हणे. देवीदासला काही कळलंच नाही. आवाज नाही, थरथर नाही. समोर हिरवा दिवा लागला एवढंच. त्याने पाय टेकवला आणि गाडी निमूट सरकायला लागली. तेव्हा त्याला उमगलं की इतके दिवस ज्याच्या जिवावर निभावलं तो कानही आज उपयोगाचा नाही. पाय मुका आणि गाडीही मुकी. काट्याकडे बघत बघत, जीव मुठीत धरून त्याने बगीचा गाठला. रघुनाथराव झाडांमधून फिरले, देवीदास त्यांच्या मागे फिरला. खाली छाटलेल्या फांद्या पडल्या होत्या. फळांनी लगडलेली झाडं बघून रघुनाथरावांच्या तोंडाला पाणी सुटलं, देवीदासच्या डोक्यात मात्र परतीचा रस्ता घुमत होता. गाडीशी येऊन त्याने सवयीने चपला सीटखाली सरकवल्या.

बोरगाव जवळ आलं होतं. डावीकडच्या शेताच्या धुऱ्यावरून कापसाने भरलेली एक बैलबंडी रस्त्यावर चढली. वर एक बाई दोन लेकरांना धरून बसलेली. बैल चढ चढताना अडले आणि बंडी अर्ध्या रस्त्यात आडवी उभी राहिली. घाबरण्यासारखं काही नव्हतं, अंतर चांगलं होतं. देवीदासने पाय ब्रेकवर नेला आणि दाबला.

गाडी पुढे झेपावली.

पाय ब्रेकवर नव्हता. कुठे होता देव जाणे. त्याने आणखी दाबला, गाडी आणखी सुटली. डावा हात हँडब्रेकच्या दांडीकडे गेला. या गाडीत दांडीच नव्हती, एक बटण होतं, आणि बटण शोधण्याइतकं भान त्याला उरलं नव्हतं. बंडीवरच्या बाईने लेकरांची डोकी कुशीत दाबली, ते त्याला स्पष्ट दिसलं. मागून तृप्ती ओरडली, "काका!" देवीदासने डाव्या हाताने स्वतःच्या पँटचा उजवा गुडघा पकडला, खड्ड्यात अडकलेल्या वासराचा पाय ओढावा तसा स्वतःचा पाय उचलून ब्रेकवर टाकला, आणि हाताने तो गुडघा खाली दाबला.

गाडी करकचून थांबली. बैलांच्या श्वासाने काच धूसर झाली, इतकी जवळ.

मग बंडीवरचं लहानगं लेकरू रडायला लागलं. तृप्ती दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती. "मी ठीक हाये," ती हळूच म्हणाली. "हलून राहिलं. ठीक हाये."

रघुनाथरावांचा आवाज फुटला तो थेट शोरूमवाल्यावर. "ही गाडी हाये का यमाचा रेडा? सरळ ग्राहकपंचायतीत खेचतो तुमाले! अरे, देवीदासनं जीव पणाले लावला म्हणून वाचलो. याच्या जागी दुसरा असता तं..."

शोरूमवाला पांढराफटक पडला होता. गाडी चांगली आहे, हे त्याला ठाऊक होतं, पण बोलायची सोय नव्हती. देवीदासने नुसतं गप्प राहायचं होतं. तिसऱ्याही गाडीवर ठपका बसला असता, त्याचं नाव मोठं झालं असतं, आणि पुढच्या महिन्यात चौथी गाडी आली असती. तृप्तीला बसवून.

दार उघडून तो खाली उतरला आणि रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसला.

"गाडी चांगली हाये जी," तो म्हणाला. "पांढरीबी चांगली होती. काळीबी. त्याइले बोल लावला मी."

"काय बोलून राहिला तू?"

"माह्या पायात जीव नाही, मालक. पोळ्यापासून नाही. मले काहीच समजत नाही तिथलं."

रघुनाथराव त्याच्याकडे बघतच राहिले. एका नजरेत अख्खा बगीचा जोखणारा माणूस, पण रोज शेजारी बसणारा आपला ड्रायव्हर त्यांना जोखता आला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास आला, मग राग आला. मग त्यांनी वळून लेकीकडे पाहिलं आणि राग जाऊन नुसती भीतीच उरली.

तृप्ती गाडीतून उतरत होती. उतरताना तिची नजर ड्रायव्हरच्या सीटपुढच्या नव्याकोऱ्या फिक्या गालिच्यावर गेली आणि ती थबकली.

"काका, हे रक्त कोनाचं?"

देवीदासने उजवा पाय उचलून डाव्या गुडघ्यावर घेतला. टाचेच्या पुढे संत्र्याच्या झाडाचा काटा खोल शिरला होता, वर त्याचं हिरवट, मोडकं टोक तेवढं दिसत होतं. बगीच्यात कधीतरी चपलेतून आरपार गेला असणार आणि चपलेबरोबर अर्धवट ओढला जाऊन आत मोडला असणार. अख्खा तळवा रक्ताने भरला होता. देवीदास त्या पायाकडे परक्याच्या पायाकडे बघावं तसा बघत होता.

"थांबा," म्हणत तृप्ती कशीबशी खाली टेकली आणि केसांतली पिन काढली.

"नको बाई, अशा अवस्थेत... माह्या पायाले हात नको लावू."

"चूप बसा हो काका. मी लहान होती तवा माह्या पायातले काटे तुमीच काढले ना?"

देवीदासने डोळे मिटले, कठडा घट्ट धरला आणि दात आवळले. आयुष्यात पहिल्यांदा तो दुखण्याची वाट बघत होता. एकदा कळ येऊ दे, तो मनात म्हणत होता, अशी कळ की डोक्यापर्यंत जाईल, मग मी रोज गोळ्या खाईन, डॉक्टर म्हणेल ते करीन. बराच वेळ गेला. बैल निघून गेल्याचा, बंडी दूर गेल्याचा आवाज त्याने ऐकला.

"भिऊ नको, बाई," तो डोळे न उघडता म्हणाला. "ओढ जोरानं."

तृप्तीचा आवाज रडवेला झाला होता.

"काढला, काका. केव्हाचाच काढला."